सुबियाकोची गुहा ते सिएनाचा उतार : आईसोबत सात दिवस

दिवस १, रोम

आमच्या वसईहून दरवर्षी किती टूर जातात, व्हॅटिकन, असिसी, पादुआ, मग लूर्द नाहीतर फातिमा, दहा दिवसांत सगळं उरकून परत. आईला ते नको होतं. तिने २८ वर्षं आमच्या पेरिशमध्ये रविवारच्या मिस्सानंतर पोरांना धर्मशिक्षण शिकवलं, बेनेडिक्टची दोरीला बांधलेली भाकर, फ्रान्सिसने बापाच्या पुढ्यात काढून ठेवलेले कपडे, पोप ग्रेगरींचं गरिबांसाठीचं टेबल, या गोष्टी तिने इतक्यांदा सांगितल्यात की आता ती त्या डोळ्यांनी बघून आल्यासारख्या सांगते. तिचं म्हणणं एकच होतं, मला ती ठिकाणं बघायचीत, घाई करायची नाही आणि दुकानांत न्यायचं नाही. मग मीच बसून रूट बनवला, मध्ययुगात ज्यांच्या शब्दाला चर्चमध्ये वजन होतं अशी माणसं जिथे राहिली तिथेच जायचं, सगळं ट्रेन आणि बसने. ऑक्टोबरचा शेवट, आई ७१ वर्षांची, बॅगेत चार पाकिटं सुकेळी.

विमान सकाळी उतरलं, हॉटेलवर बॅगा टाकल्या आणि जेवून थेट सेलिओच्या टेकडीवर. मेट्रोने चिर्को मास्सिमोला उतरलं की दहा मिनिटांची चाल. कोलोसियमची सगळी गर्दी पलीकडे आणि इकडे पायऱ्यांवर आम्ही दोघीच. हे सान ग्रेगोरिओ चर्च म्हणजे पोप ग्रेगरी यांचं घर, म्हणजे खरोखर त्यांच्या खानदानाचा वाडा इथे होता. माणूस श्रीमंत, रोम शहराचा सगळा कारभार बघणारा प्रीफेक्ट, आणि साधारण ५७५ च्या सुमारास त्यांनी हे सगळं सोडून वाड्याचाच मठ केला आणि त्यात साधे मठवासी म्हणून राहायला लागले. पुढे ५९० मध्ये प्लेगने आधीचे पोप गेले आणि लोकांनी यांनाच पुढे केलं, यांना नको होतं तरी. १४ वर्षं पोप होते, तब्येत सतत खराब, आणि तरी आजही ८०० च्या वर पत्रं शिल्लक आहेत त्यांची, त्यात सिसिलीतल्या चर्चच्या जमिनींवर शेतकऱ्यांना कोणी लुबाडतंय का याचीसुद्धा चौकशी आहे. त्या जमिनींचं धान्य रोमच्या उपाशी लोकांना वाटलं जायचं. इथूनच, याच मठातून, त्यांनी ५९६ साली ऑगस्टिन नावाच्या मठवाशाला चाळीसेक माणसं देऊन इंग्लंडला पाठवलं. पोप लोक स्वतःला 'देवाच्या सेवकांचा सेवक' म्हणवून घेतात ना, ते लावून धरलं ग्रेगरींनी.

चर्चच्या बाजूच्या बागेत तीन छोटी चॅपल्स आहेत, एक त्यांच्या आईच्या नावाचं, संत सिल्विया. तिसऱ्यात ते टेबल आहे. जाडजूड संगमरवरी, खाली पंखवाल्या प्राण्यांचे कोरलेले पाय, जुन्या रोमन काळातलं. गोष्ट अशी की ग्रेगरी इथे रोज १२ गरिबांना स्वतः वाढायचे आणि एके दिवशी मोजले तर १३, तेरावा देवदूत होता. आईने हात फिरवला त्या दगडावरून, कडेला, जिथे माणूस कोपर टेकवतो तिथे. काही बोलली नाही.

आणि बाहेर पडतो तर काय, त्याच आवाराला लागून मदर तेरेसांच्या सिस्टर्सचं घर, निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या! मी वाचलं होतं पण आईला सांगितलं नव्हतं. बेघर लोकांना तिथे जेवण आणि आसरा मिळतो. दारात एक सिस्टर भेटल्या, झारखंडच्या निघाल्या, आईने तिथल्या तिथे सुकेळीची दोन पाकिटं काढून दिली आणि हिंदीत समजावायला लागली की ही राजेळी केळी असतात, उन्हात वाळवतात. चौदाशे वर्षांपूर्वी ज्या घरात गरिबांची पंगत बसायची त्याच्या भिंतीला लागून आजही ताटं लागतात, मला ते टेबल बघून जेवढं वाटलं नव्हतं तेवढं हे बघून भरून आलं.

संध्याकाळी चालत लॅटरनला. लोकांना वाटतं पोपचं चर्च म्हणजे सेंट पीटर्स, पण रोमच्या बिशपचं मूळ आसन हे, सान जोव्हान्नी इन लातेरानो. आत इनोसंट तिसरे यांचं थडगं आहे. वयाच्या ३७ व्या वर्षी, ११९८ मध्ये पोप झाले, पॅरिस आणि बोलोन्याला शिकलेले, आणि यांच्याइतकी सत्ता चालवणारे पोप फार थोडे. इंग्लंडच्या जॉन राजाशी वाकडं आलं तर अख्ख्या देशातली चर्चमधली उपासना बंद करवली, शेवटी १२१३ मध्ये राजाने आपलं राज्यच पोपच्या पायाशी ठेवून मांडलिक म्हणून परत घेतलं. १२१५ मध्ये इथेच त्यांनी मोठी परिषद भरवली, ४०० च्या वर बिशप आले. वर्षातून निदान एकदा कुमसार, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, आणि ईस्टरला कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, हा नियम त्या परिषदेचा. आई एकदम थांबली, म्हणाली म्हणजे आमची आजी पवित्र आठवड्यात आम्हा सगळ्यांना रांगेने कुमसाराला न्यायची ते या माणसामुळे? हो, याच माणसामुळे.

पण त्याच परिषदेने ज्यू लोकांनी वेगळे ओळखू येतील असे कपडे घालावेत असंही ठरवलं. यांच्याच काळात निघालेल्या क्रुसेडने, म्हणजे धर्मयुद्धाच्या फौजेने, १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटलं, म्हणजे ख्रिस्ती लोकांनी ख्रिस्ती लोकांचंच शहर, तिकडे जाऊ नका असं त्यांनी बजावलेलं असताना, आणि दक्षिण फ्रान्समध्ये वेगळं मानणाऱ्यांवर फौजा पाठवण्याचा हुकूम तर त्यांचाच. हे मी आईला सांगितलं, लपवलं नाही. ती म्हणाली थडग्यापाशी प्रार्थना करूया, जास्त गरज यांनाच आहे. ते तिने मनापासूनच म्हटलं होतं.

चर्चसमोर रस्ता ओलांडला की फ्रान्सिसचा पुतळा आहे, १९२७ चा, हात वर केलेला. पुतळ्याच्या मागे जाऊन नीट उभं राहिलं की त्याच्या दोन हातांवर समोरचं लॅटरन तोललेलं दिसतं. कारण गोष्ट तीच आहे, इनोसंटना स्वप्न पडलं की लॅटरन कोसळतंय आणि एक फाटका माणूस खांद्यावर ते पेलून धरतोय, आणि मग हा असिसीचा पोरगा ११ सोबती घेऊन दारात आला तेव्हा त्यांनी ओळखलं. स्वप्नाचं सोडा, पण एवढ्या मोठ्या पोपने त्या बारा भिकाऱ्यांना हाकललं नाही, ऐकून घेतलं आणि तोंडी का होईना परवानगी दिली, हे घडलेलं आहे, १२०९ नाहीतर १० सालचं. तेव्हा त्यांच्यासारखेच गरिबीचं बोलणारे कितीतरी गट चर्चबाहेर फेकले गेले होते. मी त्या पुतळ्यामागे बराच वेळ उभी होते. पुढचे सहा दिवस डोक्यात हेच घोळत राहिलं, की खुर्चीवर बसलेल्यांपेक्षा खुर्ची नसलेल्यांचंच वजन त्या काळात जास्त पडलं की काय.

दिवस २, सुबियाको

पोन्ते माम्मोलो मेट्रो स्टेशनवरून निळी बस, रोमपासून ७० किलोमीटरच्या आसपास. आनिएने नदीची दरी सुरू झाली आणि आई खिडकीला चिकटली. गावातून वर मठापर्यंत तीनेक किलोमीटर चढ, आम्ही टॅक्सी केली, उतरताना चाललो. वाटेत नीरो बादशहाच्या महालाचे अवशेष आहेत, त्याने नदी अडवून इथे तलाव केले होते, सुबियाको नावच त्यावरून पडलं, तलावाखालचं.

बेनेडिक्टचा जन्म साधारण ४८० चा, नॉर्चिया गावचा. शिकायला रोमला पाठवला, तिथली थेरं बघून पोरगा शिक्षण टाकून निघाला आणि या कड्यातल्या गुहेत तीन वर्षं एकटा राहिला. (संतांना मी अरेतुरे करते, आमच्या घरी तसंच करतात, राग मानू नका.) त्याचा पत्ता फक्त रोमानुस नावाच्या एका मठवाशाला, तो आपल्या जेवणातली भाकर वाचवून वरच्या कड्यावरून दोरीला बांधून खाली सोडायचा आणि दोरीला घंटी, वाजली की कळायचं जेवण आलं. सैतानाने दगड मारून ती घंटी फोडली तरी रोमानुस भाकर सोडत राहिला. आईची सगळ्यात लाडकी गोष्ट. वर्गात ती खरोखर दोरी आणि सायकलची घंटी घेऊन जायची.

साक्रो स्पेको, म्हणजे पवित्र गुहा, हा मठ कड्याला असा चिकटलेला आहे की कुठे भिंत संपते आणि डोंगर सुरू होतो कळत नाही. आत चॅपलखाली चॅपल, जिन्याखाली जिना, सगळ्या भिंती चित्रांनी भरलेल्या, आणि मध्येच कच्चा खडक तसाच पुढे आलेला. गुहेत पोरसवदा बेनेडिक्टची संगमरवरी मूर्ती आहे, समोर क्रूस आणि बाजूला ती भाकरीची टोपलीसुद्धा. गुहा केवढी, तर चार माणसं दाटीने उभी राहतील. आई खडकाला टेकून बसली आणि मला म्हणाली, वर बघ. वर छत होतं फक्त, पण ती दोरी बघत होती.

मला मात्र बघायचं होतं ते एका छोट्या बाजूच्या चॅपलमध्ये, पोप ग्रेगरींच्या नावाच्या. भिंतीवर पुरुषभर उंचीचं एक चित्र, डोक्यावर टोकदार टोपडं, राखाडी तपकिरी झगा, कमरेला गाठींची दोरी, दाढी विरळ, डोळे मोठे आणि जरा थकलेले. हातात कागदाची पट्टी, तिच्यावर लॅटिनमध्ये 'या घराला शांती'. आणि नाव लिहिलंय ब्रदर फ्रान्सिस. संत नाही, ब्रदर. डोक्यामागे तेजोवलय नाही, हातापायांवर क्रूसावरच्या ख्रिस्तासारख्या जखमा नाहीत. म्हणजे हातांवर त्या जखमा उमटल्या १२२४ च्या सप्टेंबरात आणि संत म्हणून जाहीर झाला १२२८ मध्ये, त्याच्या आधी, तो जिवंत असताना, बहुतेक इथे येऊन गेला तेव्हा बघणाऱ्याने काढलेलं हे चित्र मानतात. आपण फ्रान्सिसच्या किती मूर्ती बघतो, गोऱ्यापान, गुबगुबीत, खांद्यावर कबूतर. हा तसा नाही. हा आमच्या स्टेशनवर रात्रीच्या शेवटच्या लोकलला दिसतो तसा दमलेला माणूस आहे. मी त्याच्यासमोर रडले, सांगायला लाज नाही.

खाली संत स्कोलास्तिका मठही बघितला, इटलीतली पहिली छापील पुस्तकं १४६५ मध्ये इथे दोन जर्मन कारागिरांनी छापली, म्हणजे मठवाशांनी हाताने पोथ्या उतरवण्याचा जमाना जिथे मुरला होता तिथेच छापखाना आला. परतीची बस आलीच नाही, पुढची यायला सव्वा तास, थंडी वाजायला लागली. एका बेकरीवाल्या बाईंनी आईला आत बसवून गरम दूध दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

दिवस ३, मोंते कास्सिनो

तेर्मिनीहून दोन तासांची पॅसेंजर ट्रेन. कास्सिनोच्या जरा आधी रोक्कासेक्का स्टेशन लागतं, तिथे वरच्या किल्ल्यात थॉमस अक्वायनसचा जन्म, १२२५ च्या सुमारास. पाच वर्षांचा असताना घरच्यांनी मोंते कास्सिनोच्या मठात ठेवला, हेतू हा की पुढेमागे हा मठाधिपती होईल आणि घराण्याचं वजन वाढेल. पोराने मोठेपणी डोमिनिकन व्हायचं ठरवलं, म्हणजे भिक्षा मागणाऱ्यांत, तर सख्ख्या भावांनी रस्त्यात पकडून आणून वर्षभर घरात कोंडला. ऐकला नाही. पुढे त्याने जे लिहिलं ते अजून आमच्या सेमिनरीत फादर लोकांना शिकावं लागतं.

मोंते कास्सिनो डोंगरावर, ५०० मीटरच्या वर, बस वळणं घेत घेत चढते. बेनेडिक्ट सुबियाकोत १२ छोटे मठ काढून बसला होता, पण शेजारच्या एका पुरोहिताला इतका मत्सर की त्याने विषारी भाकर पाठवली, मग हा माणसं घेऊन निघाला आणि साधारण ५२९ मध्ये इथे आला. इथेच त्याने नियमावली लिहिली, ७३ छोटी प्रकरणं. मी मराठीत करून आईला ट्रेनमध्ये वाचून दाखवत होते आणि ती मध्ये मध्ये हसत होती, बरोबर आहे म्हणत होती. किती वाजता उठायचं, आजाऱ्याला काय जादा द्यायचं, पाहुणा आला तर तो ख्रिस्तच आलाय असं समजून दार उघडायचं, मठाची भांडी आणि अवजारं वेदीवरच्या पवित्र भांड्यांइतकीच जपायची, आणि मठात काही मोठा निर्णय असेल तर सगळ्यांना बोलवायचं कारण पुष्कळदा देव धाकट्याच्या तोंडून चांगलं सांगतो. हे सहाव्या शतकात लिहिलंय! रोमचं साम्राज्य मोडून पडलंय, सगळीकडे लढाया आणि हा माणूस लिहितोय की फावडं जागेवर ठेवा. पुढची कित्येक शतकं युरोपभरचे मठ याच नियमावर चालले, शेती, दवाखाना, पोथ्या, शाळा सगळं त्यातून आलं.

मठ चार वेळा जमीनदोस्त झालाय, सहाव्या शतकात लोम्बार्ड लोकांनी, ८८३ मध्ये सारासेन लोकांनी, १३४९ मध्ये भूकंपाने आणि शेवटचं १५ फेब्रुवारी १९४४ ला दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकीत. मठाचं लॅटिन ब्रीद आहे, त्याचा अर्थ छाटलं तरी पुन्हा पालवतं. आत्ताचा मठ जुन्यासारखाच परत बांधलेला, १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी पवित्र केला. आवारात बेनेडिक्टच्या मरणाचा ब्राँझचा पुतळा आहे, तो उभ्याने गेला, हात वर करून, दोन बाजूंनी मठवाशांनी काखेत धरलेला. मुख्य वेदीखाली तो आणि त्याची बहीण स्कोलास्तिका एकत्र आहेत.

या बहिणीची गोष्ट पोप ग्रेगरींनीच लिहून ठेवलीय. भाऊबहीण वर्षातून एकदा डोंगराखालच्या एका घरात भेटायचे, दिवसभर बोलत बसायचे. त्या वर्षी संध्याकाळ झाली, ती म्हणाली आज राहा ना रे, रात्रभर देवाबद्दल बोलू. तो म्हणाला कसं शक्य आहे, रात्री मठाबाहेर राहायचं नाही हा नियम. आणि नियम कोणाचा तर त्याचाच. तिने टेबलावर हात जोडून डोकं टेकवलं, आणि डोकं वर केलं तसा असा पाऊस कोसळला, विजा, की उंबरा ओलांडता येईना. तो घाबरून म्हणाला बाई हे काय केलंस तू. ती म्हणाली तुला विचारलं, तू ऐकलं नाहीस, देवाला विचारलं, त्याने ऐकलं. मग रात्रभर बोलत बसले. तीन दिवसांनी ती गेली. ग्रेगरी पुढे लिहितात की तिचं जास्त चाललं कारण तिचं प्रेम जास्त होतं. एवढे मोठे पोप, आणि मठाच्या संस्थापकापेक्षा त्याच्या बहिणीचं खरं ठरवतात. आई म्हणाली, वर्गात ही गोष्ट सांगितली की मुली सरसावून बसायच्या.

खाली गावाजवळ कॉमनवेल्थचं युद्ध कबरस्तान आहे, तिथे टॅक्सीने गेलो. १९४४ मध्ये इथे चौथी भारतीय डिव्हिजन लढलीय. मध्ये हिरव्या संगमरवराचे खांब, त्यांवर ज्यांची कबर सापडली नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या यादीत बोट फिरवत फिरवत यशवंत घाडगे सापडले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ ला तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेऊन पडले, वय २२. आमचा विषय मध्ययुगाचा हे मला कळतं, पण त्या नावावरून बोट उचलून तसंच पुढे जाणं जमलं नाही. आईने रोझरी काढली आणि 'यशवंतसाठी' म्हणून एक पूर्ण दहाचा फेरा म्हटला.

दिवस ४, असिसीकडे

प्रवासाचाच दिवस. ट्रेन खाली सपाटीवर सांता मारिया देलि आंजेली गावात सोडते, असिसी वर डोंगरावर गुलाबी दिसत राहतं. खाली एक अवाढव्य बॅसिलिका आहे आणि तिच्या पोटात पोर्झिउंकोला, फ्रान्सिसने स्वतः दगड लावून नीट केलेलं चॅपल, आमच्या जुन्या घराच्या ओटीएवढं. १२१२ च्या झावळ्यांच्या रविवारी रात्री अठरा वर्षांची क्लारा, सरदार घराण्यातली, घरातून पळून इथे आली आणि फ्रान्सिसने तिचे केस कापले. आणि बाजूलाच, ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी, तो उघड्या जमिनीवर झोपून गेला. आईचे पाय सुजले होते म्हणून लवकर खोलीवर आलो.

दिवस ५, असिसी

सकाळी सातला बॅसिलिकेत, टूरच्या बसेस यायच्या आधी. फ्रान्सिसला संत केल्यावर दुसऱ्याच दिवशी, १७ जुलै १२२८ ला, पोप नववे ग्रेगरी यांनी पायाचा दगड बसवला, गरिबीशी लग्न लागलेल्या माणसावर केवढं हे बांधकाम, असं तेव्हाही त्याच्या जुन्या सोबत्यांना वाटलं होतं आणि मलाही वाटलं. वरच्या चर्चमधली त्याच्या आयुष्याची २८ चित्रं, त्यात लॅटरनचं स्वप्न आहेच, इनोसंट झोपलेत आणि फ्रान्सिस खांदा लावून उभा. १९९७ च्या भूकंपात इथलं छत कोसळून चार जण गेले, आता वर बघितलं तर सांधे ओळखू येतात.

थडगं सगळ्यात खाली. चोरीच्या भीतीने इतकं खोल पुरलेलं की पुढे जागाच विसरली गेली, १८१८ मध्ये रात्री रात्री खोदून ५२ रात्रींनी सापडलं. ओबडधोबड दगडी पेटी, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली, एवढंच. इनोसंट पेरुजाला वारले १२१६ मध्ये, इथून दिसतं ते शहर, आणि त्या रात्री चोरांनी त्यांच्या अंगावरचे भारी कपडे काढून नेले, चर्चमध्ये प्रेत जवळजवळ उघडं पडलं होतं असं तेव्हा तिथे पोचलेल्या एका बिशपने लिहून ठेवलंय. दहा वर्षांनी फ्रान्सिस आपणहून कपडे उतरवून जमिनीवर मेला. दोन्ही गोष्टी एकाच खोऱ्यातल्या, मला सुचल्या तशा सांगितल्या.

आमच्या वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चचे अवशेष आहेत, जमिनीत थडग्यांचे दगड, लहानपणी आम्ही त्यावर लंगडी खेळायचो. या पेटीतल्या माणसाची ती पोरं, पोर्तुगीजांबरोबर आलेली. पोर्तुगीज आमच्याकडे कसे वागले ते वेगळं, त्यात त्या पाद्र्यांचाही हात होता. पण फ्रान्सिस स्वतः १२१९ मध्ये क्रुसेड चालू असताना लढाईची रेघ ओलांडून इजिप्तच्या सुलतानाला, अल कामिलला, नुसता बोलायला भेटला आणि सुखरूप परत आला. आपल्या किनाऱ्यावर जे आले त्यांनी हे लक्षात ठेवलं असतं तर, असं आई मला हळूच म्हणाली.

दुपारी ऑलिव्हच्या बागांतून खाली उतरून सान दामियानो. या चर्चमध्ये क्रूसाने त्याला म्हटलं माझं घर पडायला आलंय ते दुरुस्त कर, आणि त्याने आधी ते खरंच विटामातीचंच काम समजून करायला घेतलं. पुढे इथे क्लारा ४१ वर्षं राहिली. वरती त्या बायकांची झोपायची खोली आहे, उतरतं छप्पर, लहान खिडकी, आणि ती जिथे गेली त्या कोपऱ्यात फुलं ठेवलेली. खाली जेवणघर, लाकडी टेबलं काळी पडलेली, भिंतीला लागून बाक. पोप नववे ग्रेगरी तिला म्हणाले थोडी मालमत्ता घ्या, अडीअडचणीला असू दे, शपथेचं बंधन असेल तर मी मोकळं करतो. तिने सांगितलं की मला माझ्या पापांतून मोकळं करा, ख्रिस्ताच्या मागे जाण्यातून नको. तिने बायकांसाठी स्वतः नियमावली लिहिली, चर्चमध्ये बाईने लिहिलेली अशी पहिली, आणि पोपची मंजुरी मिळायला इतकी वर्षं गेली की मंजुरीचा कागद निघाला ९ ऑगस्ट १२५३ ला, ११ ला ती गेली. आई त्या जेवणघराच्या दारात उभी राहून म्हणाली, चाळीस वर्षं वाट बघितली पण मान खाली घातली नाही पोरीने.

दिवस ६, सिएना

दोन गाड्या बदलून दुपारी पोचलो, पाऊस भुरभुरत होता. सिएनाच्या संत कॅथरीनचं घर फोंतेब्रांदा झऱ्याकडे उतरणाऱ्या गल्लीत. बाप रंगारी, कापड रंगवायचा, आणि ही १३४७ ची, घरात वीसच्या वर मुलं झालेली, लग्न नको म्हणून केस कापून बसली. मठात गेली नाही, घरात राहून आजाऱ्यांची सेवा केली, लिहायलाही उशिरा शिकली, पत्रं सांगून लिहवून घ्यायची, तशी ३८० च्या आसपास राहिलीत. राजांना, सेनापतींना, कैद्यांना, आणि पोपना. पोप तेव्हा ७० वर्षं रोम सोडून फ्रान्समध्ये आविन्योला बसलेले. ही १३७६ मध्ये तिथे जाऊन पोप अकरावे ग्रेगरी यांना तोंडावर सांगते की उठा, मर्द व्हा, रोमला चला. एकट्या तिच्यामुळेच ते निघाले असं नाही, राजकारणही होतं, पण १७ जानेवारी १३७७ ला ते रोममध्ये शिरले.

आणि पत्रांत ती पोपना म्हणते काय, 'बाब्बो'. म्हणजे बाबा. तोस्काना भागात अजून पोरं बापाला हेच म्हणतात. त्या उतारावर एक लहान मुलगी रेनकोट घालून पळत होती आणि मागे वळून ओरडली, बाब्बोऽऽ! आईने माझा हात धरला. तिला इटालियन एक शब्द येत नाही, हा तेवढा कळला.

सान दोमेनिको चर्चमध्ये तिचं मस्तक ठेवलंय, काचेत. मला ते बघवेना. आईने बघितलं, नीट, आणि क्रूसाची खूण केली.

दिवस ७, पुन्हा रोम

कॅथरीनचा बाकीचा देह रोमला, पँथियनच्या मागे सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हामध्ये. पोप परतले पण लगेच वारले, मग दोन पोप झाले आणि चर्च ४० वर्षं फाटलं. नवे पोप सहावे अर्बन तापट, त्यांनी हिला रोमला बोलावून घेतलं आणि ही त्यांच्या बाजूने उभी राहिली, आणि त्यांनाच लिहीत राहिली की जरा सबुरीने घ्या. अन्नपाणी तुटलेलं, तशी ती रोज चालत सेंट पीटर्सला प्रार्थनेला जायची. २९ एप्रिल १३८० ला गेली, वय ३३. ज्या बाईने शाळा पाहिली नाही तिला १९७० मध्ये चर्चने धर्मपंडित म्हणून जाहीर केलं.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, चर्च बंद करायची वेळ. वेदीखाली तिची संगमरवरी मूर्ती आडवी, आत दिवा. आई गुडघ्यावर बसली आणि पर्समधून एक कागद काढला, तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरांची नावं, २८ वर्षांची, बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी लिहून आणलेली, मला माहीतही नव्हतं. एकेक नाव वाचायला लागली, पुटपुटत. चर्च सांभाळणारा म्हातारा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला, घड्याळाकडे बोट केलं. आईने वर बघितलं, हाताने थांब अशी खूण केली आणि परत वाचायला लागली. बाहेर पाऊस चांगलाच जोरात सुरू झाला होता, दारातून आवाज यायला लागला. त्याने एकदा दाराकडे बघितलं, एकदा आईकडे, मग उजवीकडचे दिवे बंद केले, डावीकडचे बंद केले, वेदीखालचा तेवढा चालू ठेवला आणि आमच्या मागच्या बाकावर येऊन बसला.